मस्टँग की कमॅरो? पहिली जुनी अमेरिकन गाडी घेणाऱ्यांसाठी

मुलं कॉलेजात गेली आणि गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली, की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत जुन्या गाडीचा विषय निघतो. सुरुवातीला यादी लांबलचक असते. मग किमती कळतात, घरातून एक-दोन टोमणे येतात आणि यादीत दोनच नावं उरतात: १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग आणि १९६७-६९ ची शेव्हर्ले कमॅरो. त्याला कारणही आहे. दोन्ही लाखोंनी बनल्या, दोन्हींचे सुटे भाग आजही नवे मिळतात आणि दोन्ही गाड्या उघडता-जोडता येणारे मेकॅनिक अजून सापडतात.

मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे १९६६ ची मस्टँग आहे, आणि एका जवळच्या मित्राच्या १९६९ च्या कमॅरोच्या खरेदीत मी पहिल्या फोनपासून होतो. कोणती जास्त पळते यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, तो वाद इथे नाही. विकत घेताना या दोन गाड्या अगदी वेगवेगळ्या ठिकाणी फसवतात, म्हणून तपासायच्याही वेगळ्या तऱ्हेने लागतात. हा लेख त्याबद्दल आहे.

१. आधी दोघींची कुंडली

मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. मूळ किंमत २,३६८ डॉलर. खालचा सांगाडा फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनचा, वर मात्र लांब बॉनेट आणि आखूड डिकी. मार्च १९६६ पर्यंत दहा लाख मस्टँग बनल्या होत्या. शेव्हर्लेला उत्तर द्यायला १९६६ चा सप्टेंबर उजाडला. १९६७ चं मॉडेल म्हणून आलेल्या कमॅरोची किंमत २,४६६ डॉलरपासून सुरू होत होती. दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळपास सारखंच आहे, १०८ इंच.

मस्टँग तीन रूपांत मिळते: पक्क्या छताची हार्डटॉप, छत उघडणारी कन्व्हर्टिबल आणि मागे उतरत्या छताची फास्टबॅक. कमॅरोत फास्टबॅक नाही, फक्त पक्क्या छताची कूपे आणि कन्व्हर्टिबल. बाजारात मस्टँगची हार्डटॉप सर्वांत स्वस्त आणि फास्टबॅक सर्वांत महाग. तशाच स्थितीतली कमॅरो ही हार्डटॉप मस्टँगपेक्षा बहुधा महाग पडते, आणि १९६९ ची तर आणखी.

इंजिनांत दोन्हीकडे सहा सिलिंडरपासून आठ सिलिंडरच्या व्ही-८ पर्यंत पर्याय आहेत. मस्टँगचं नेहमीचं व्ही-८ म्हणजे २८९ घनइंचाचं. १९६५-६६ च्या मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंनी सस्पेन्शनचे उंच बुरूज आत घुसलेले असतात, त्यामुळे याहून फार मोठं इंजिन तिथे मावत नाही. कमॅरोची जागा ऐसपैस आहे. ३२७, ३५० आणि चक्क ३९६ घनइंचाचं इंजिन कारखान्यातूनच बसून येत असे.

२. गाडी कशासाठी हवी ते ठरवा

रविवारी सकाळी कॉफी प्यायला जायचं, उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचे दोन-चार मेळे करायचे, एवढंच असेल तर सहा सिलिंडरची किंवा साध्या २८९ ची हार्डटॉप मस्टँग पुरेशी आहे. लोक फास्टबॅकच्या मागे धावतात म्हणून हार्डटॉपचे भाव आवाक्यात राहिलेत, त्याचा फायदा घ्या. हायवेवर आत्मविश्वासाने चालवायची असेल, पुढेमागे मोठं इंजिन टाकायचा विचार असेल, तर कमॅरो.

लहान मुलांना मागे बसवून फिरवायचा बेत असेल तर दोन्ही गाड्यांबाबत थांबा. पुढच्या सीटलाही खांद्यावरून जाणारे पट्टे १९६८ पासूनच नियमाने आले. त्याआधी फक्त कमरेचे. १९६७ च्या कमॅरोला धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आणि दुहेरी ब्रेकची सोय आहे. १९६५-६६ च्या मस्टँगला दोन्ही नाही.

३. नंबर वाचायला शिका

या पायरीला घाई करू नका. दोन गाड्यांमधला खरा फरक इथेच आहे.

नंबर म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला ओळख क्रमांक (व्हीआयएन). मस्टँगचा नंबर बोलका आहे. समजा तो ६, टी, ०७, सी आणि पुढे सहा आकडे असा आहे. ६ म्हणजे १९६६. टी म्हणजे मेटचेनचा कारखाना. एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होझे. ०७ म्हणजे हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी म्हणजे २०० अश्वशक्तीचं २८९, ए म्हणजे २२५ चं आणि के म्हणजे २७१ चं खास इंजिन. म्हणजे कारखान्यातून कोणतं इंजिन बसून आलं हे नंबरच सांगतो.

जाता जाता एक गंमत. 'मेटचेन' नाव असलं तरी तो कारखाना न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होता, रूट १ वर. ओक ट्री रोडवर भाजी आणायला जाणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींना ठाऊक नसतं की टी अक्षराची प्रत्येक मस्टँग त्यांच्याच गावात जन्मली. २००४ मध्ये तो बंद झाला. टीची गाडी म्हणून किमतीत फरक पडत नाही, पण मी शोधताना टीच शोधत होतो हे कबूल करतो.

हा नंबर पुढच्या डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवरही असतो, पण तशा पट्ट्या हव्या त्या मजकुराच्या नव्या बनवून मिळतात. म्हणून पट्टी वाचा आणि पत्र्यावरच्या ठोक्याशी ताडून पाहा. पट्टीवर ६५ए म्हणजे साधी अंतर्सजावट आणि ६५बी म्हणजे धावत्या घोड्यांचं चित्र असलेली महागडी.

मस्टँगमधले तीन सापळे:

- जीटीचा, म्हणजे मस्टँगच्या जोरदार आवृत्तीचा, बिल्ला. १९६५-६६ ची खरी जीटी फक्त ए किंवा के इंजिनाबरोबरच मिळत असे. नंबरात इंजिनाच्या जागी सी किंवा टी असेल तर पट्टे, धुक्याचे दिवे, बिल्ले सगळं नंतर लावलेलं. लावलेलं असायला हरकत नाही, त्याचे वेगळे पैसे मोजू नका.
- 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो हा दावा. या वर्षांत केचं इंजिन सोडून इतर इंजिनांच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकत नसत. सीची गाडी विकणारा मॅचिंग नंबर्स म्हणाला, तर त्याला नक्की कोणते नंबर जुळतात ते शांतपणे विचारा. फार तर ओतकामावरची तारीख जुळेल.
- सहाची आठ केलेली गाडी. कारखान्यातून सहा सिलिंडरच्या गाडीला चाकाला चार नट आणि व्ही-८ ला पाच. नंबरात इंजिनाच्या जागी टी आणि बॉनेटखाली व्ही-८ दिसलं, तर खाली वाकून नट मोजा. चारच असतील तर इंजिन बदललं आहे, ब्रेक आणि मागचा ॲक्सल मात्र सहाचाच राहिला आहे. ती गाडी सोडा.

कमॅरोचा नंबर मात्र मुका आहे. १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे, असं समजा. १ म्हणजे शेव्हर्ले, २४ म्हणजे व्ही-८ (२३ असेल तर सहा सिलिंडर), ३७ म्हणजे कूपे (६७ कन्व्हर्टिबल), ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड. एल असेल तर कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज. बस, इतकंच. व्ही-८ होतं हे कळतं, कोणतं होतं ते नाही. एसएस किंवा झेड/२८ या जोरदार आवृत्त्यांपैकी होती का, यावर नंबर गप्प.

आणि नेमका पैसा तिथेच आहे. झेड/२८ ही ट्रान्स-ॲम शर्यतीसाठी बनवलेली गाडी. शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँक बसवून ३०२ घनइंचाचं इंजिन तयार केलं. कागदावर २९० अश्वशक्ती, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त असं सगळेच म्हणतात. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ बनल्या. १९६८ आणि १९६९ ची ट्रान्स-ॲम मार्क डोनह्यूने कमॅरोतून जिंकून दिली आणि १९६९ मध्ये झेड/२८ चा आकडा २०,३०२ वर गेला. आज मेळ्यांत दिसणाऱ्या झेड/२८ सगळ्या त्या २० हजारांतल्याच आहेत यावर माझा विश्वास नाही. दोन पट्टे रंगवायला आणि बिल्ला चिकटवायला एक शनिवार पुरतो.

मग कमॅरो ओळखायची कशी?

- गाडीचा नंबर १९६७ मध्ये दाराच्या बिजागरीच्या खांबावर असतो. १९६८ पासून तो डॅशबोर्डवर आला आणि काचेतून दिसतो.
- १९६८-६९ च्या गाडीत त्याच नंबराचा शेवटचा भाग इंजिनाच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. व्ही-८ मध्ये उजव्या बाजूला, हेडच्या पुढ्यात एक सपाट जागा असते. तिथे दोन अक्षरांचा इंजिन-कोड मिळतो. १९६९ च्या झेड/२८ चा डीझेड. या जागेवर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल तर कोणीतरी घासून पुन्हा ठोके मारलेत.
- इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते. रंग, सीट आणि जोडणीचा आठवडा तिच्यावर कळतो. १९६९ च्या मॉडेलच्या, डिसेंबर १९६८ पासून नॉरवुडला बनलेल्या गाड्यांवर एक्सने सुरू होणारा कोडही असतो. एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे.
- मूळ कागद. कारखान्यातला जोडणीचा तक्ता कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची पट्टी सापडली तर उत्तम.

आरएस आणि एसएस यांत गोंधळ होऊ देऊ नका. आरएस म्हणजे दिसण्याचं पॅकेज, झाकणाआड लपणारे हेडलाइट वगैरे. ते सहा सिलिंडरच्या गाडीलाही मिळत असे. एसएस म्हणजे इंजिन.

जन्मदाखल्याबद्दल एक सूचना. फोर्डच्या जुन्या नोंदींवरून बनणारा मार्टी रिपोर्ट १९६७ पासूनच्या गाड्यांचा मिळतो, १९६५-६६ च्या मस्टँगचा नाही. कमॅरोच्या बाबतीत, गाडी नवी असताना कॅनडात विकली गेली असेल तर शेव्हर्लेच्या मूळ कंपनीच्या कॅनडातल्या शाखेकडून, म्हणजे जीएम कॅनडाकडून, तिची माहिती मागवता येते. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना ही सोय नाही.

४. गंज: टॉर्च, लोहचुंबक आणि बादलीभर पाणी

इंजिन खराब असेल तर बदलता येतं. पत्रा सडला असेल तर गाडीच्या किमतीइतका खर्च फक्त वेल्डिंगवर होतो. म्हणून चकाकता रंग पाहायच्या आधी गाडीखाली शिरा.

मस्टँगची सगळ्यांत वाईट खोड म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची जाळी. तिच्या आतला पत्रा सडतो, पावसाचं पाणी थेट पायांवर पडतं आणि जमिनीचा पत्रा खालून कुजत जातो. ही जागा उघडून दुरुस्त करायची तर टाके तोडून अर्धा पुढचा भाग सुटा करावा लागतो. तपासणी सोपी आहे: मालकाची परवानगी घेऊन जाळीत हळूहळू पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली हात धरा. मालक नको म्हणाला, तर उत्तर मिळालं. त्यानंतर बॅटरीखालचा पत्रा, सांगाड्याच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या आणि डिकी पाहा. मस्टँगच्या पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे तिथे ओल दिसली तर ती हलक्यात घेऊ नका. बॉनेट उघडलंच आहे तर त्या सस्पेन्शनच्या बुरुजांवर तडे आहेत का तेही बघा.

कन्व्हर्टिबल असेल तर जॅकवर उचलून दार उघडा-लावा. दार अडलं तर गाडी मधोमध वाकली आहे.

कमॅरोचा पुढचा सांगाडा वेगळा असून रबरी बुशवर बोल्टने बसवलेला असतो. हा मोठा फायदा, कारण अपघातात वाकला तर तो काढून दुसरा बसवता येतो. पण बुश चेपले की दारांच्या फटी वेड्यावाकड्या होतात आणि विकणारा ते पुट्टीने झाकतो. गंज शोधायचा तो मागच्या काचेच्या खालच्या कडेला, डिकीच्या तळाशी आणि मागच्या चाकांच्या मागे. छतावर रेक्झिन चढवलेली गाडी असेल तर तिच्याखाली काय शिजतंय ते देव जाणे. कडांना बोटाने दाबून फुगवटे शोधा.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे.

दोन्ही गाड्यांचे पूर्ण नवे बॉडीशेल बाजारात मिळतात. नव्या शेलवर जुना नंबर चढवलेली गाडी चालवायला कदाचित छान असेल, पण कायद्याच्या कचाट्यात तुम्ही सापडाल. ठोक्याभोवती वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर निघा.

५. चालवून पाहा

इंजिन गार असतानाच पोचा आणि बॉनेटला हात लावून खात्री करा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सकाळचे सगळे आजार लपवतं. सुरू करताना निळा धूर क्षणभर आला तर ठीक. येतच राहिला तर नाही.

मस्टँगचं साधं स्टिअरिंग खूप फिरवावं लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर पावसात ती एका बाजूला ओढते. हा स्वभावच आहे, दोष नव्हे; पुढे डिस्क बसवलेली गाडी मिळाली तर आनंदाने घ्या. मस्टँगचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बरा. १९६७-६८ च्या बहुतेक ऑटोमॅटिक कमॅरोंना दोनच गिअरचा पॉवरग्लाइड येतो आणि आजच्या हायवेवर तो सुस्त वाटतो. १९६९ मध्ये तीन गिअरचा आला. १९६७ च्या कमॅरोला मागे एकेरी पाट्याची कमान आहे, जोरात एक्सलरेटर दाबला की मागचं चाक नाचतं. पुढच्या वर्षी जोरदार इंजिनांना जास्त पाटे दिले.

६. कागद

- टायटल, म्हणजे मालकीचा कागद. त्यावरचं नाव आणि समोर उभा असलेला विक्रेता एकच हवा. 'मित्राची गाडी आहे' हे ऐकलं की थांबा.
- टायटलवरचा नंबर गाडीवरच्या ठोक्याशी अक्षर न अक्षर जुळवा. जुन्या टायटलांवर टायपिंगच्या चुका सर्रास असतात आणि त्या दुरुस्त करायचं काम विकणाऱ्याचं, तुमचं नव्हे.
- न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देत नाही. तिथे हस्तांतरित करता येणारं रजिस्ट्रेशन हाच पुरावा. तिथून गाडी आणणार असाल तर तुमच्या राज्याच्या वाहन कार्यालयात आधी विचारा.
- सही-तारखेसह विक्रीपत्र. किंमत खरी लिहा.
- जुन्या कामांच्या पावत्या. 'सगळं नवं केलंय' याला पावतीशिवाय अर्थ नाही.

न्यू जर्सीत २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते आणि तपासणीतून सूट मिळते, पण ती पाटी रोज ऑफिसला जाण्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची चाचणी लागत नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं.

७. पैसे आणि विमा

सौद्याआधी त्रयस्थ मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. महागड्या कमॅरोसाठी तर ठोके वाचणारा खास जाणकार बोलवा. त्याची फी जास्त वाटेल, द्या.

विमा नेहमीच्या कंपनीत नेहमीच्या पद्धतीने काढू नका. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. पॉलिसीत 'ॲग्रीड व्हॅल्यू', म्हणजे आधीच ठरलेली किंमत, हेच शब्द आहेत का ते पाहा. 'स्टेटेड व्हॅल्यू' असेल तर गाडी गेल्यावर कंपनी त्याहून कमी रक्कम देऊ शकते. गाडी ट्रेलरवर चढायच्या आधी पॉलिसी चालू झालेली असू द्या.

गाडी पाहायला जाताना सोबत न्यायचं: टॉर्च, लोहचुंबक, छोटा आरसा, पाण्याची बाटली, जमिनीवर झोपायला जुनी चादर, नंबरांची वही आणि तुमच्यापेक्षा कमी उत्साही असलेला एक माणूस. बायको चालेल, बहुधा उत्तम.

८. माझं मत

पहिलीच गाडी असेल तर मस्टँग घ्या. तिच्यात घाबरायचं ते गंजाला, आणि गंज डोळ्यांना दिसतो. कमॅरोत घाबरायचं ते दाव्यांना. कमॅरोच हवी असेल तर कसलाही दावा नसलेली साधी ३२७ किंवा ३५० ची कूपे साध्या भावात घ्या. माझ्या मित्राने तेच केलं. त्याच्या गाडीवर एकही बिल्ला नाही आणि मेळ्यात लोक तिच्याभोवती तितकेच जमतात. घेण्यापूर्वी डोळा तयार करायचा असेल तर पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या आणि ऑक्टोबरात हर्शीच्या मेळ्याला जा. मालक लोक आपल्या गाडीबद्दल बोलायला आतुर असतात, फक्त विचारायचं.

९. घरी आणल्यावर लगेच

टायर कितीही खोल खाचांचे दिसले तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर बदला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. मस्टँग असेल तर एकेरी मास्टर सिलिंडर काढून दुहेरी बसवा. एकेरीत एका चाकाला गळती लागली तरी चारही ब्रेक जातात. हे काम रंग, रेडिओ, चाकं या सगळ्यांच्या आधी.

आणि निवृत्तीनंतर गाडी पुण्याला किंवा नाशिकला न्यायचं कोणाच्या मनात असेल, तर आतापासून एक ध्यानात ठेवा. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, आणि रोजच्या वापरालाही परवानगी नाही. आयातीची परवानगी आणि शुल्क हे आणखी वेगळं प्रकरण. त्यासाठी कस्टमच्या जाणकाराशी बोला, आणि तोवर मूळ इंजिन काढून विकू नका.